विमानं कुणाची? माउंटबॅटनच्या संयुक्त मुख्यालयाची गोष्ट

श्रीलंकेची सहल केलेल्या मराठी माणसांच्या फोनमध्ये पेरादेनियाच्या बोटॅनिकल गार्डनचे फोटो हमखास सापडतात. कँडीच्या जवळ, महावेली नदीच्या वळणात वसलेली बाग, उंच ताडांच्या रांगा, ऑर्किडचं घर. एप्रिल १९४४ पासून पुढे जपान शरण येईपर्यंत या बागेतल्या झाडांखाली बांधलेल्या बराकींत दोस्त राष्ट्रांचं एक प्रचंड लष्करी मुख्यालय होतं. नाव साउथ ईस्ट एशिया कमांड, आद्याक्षरांवरून 'सीॲक'. प्रमुख लॉर्ड लुई माउंटबॅटन, म्हणजे पुढे आपल्याकडे शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला तोच.

ज्या युद्धासाठी हा पसारा मांडला, ते चालू होतं मणिपूर, नागा टेकड्या आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात. बागेपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर. एवढ्या लांबून, फुलझाडांत बसून ही माणसं करत काय होती, हा प्रश्न त्या वेळी खंदकात बसलेल्या शिपायालाही पडत असे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की 'संयुक्त मुख्यालय' या प्रकाराचं निम्मं कोडं सुटतं. सध्या आपल्याकडे तिन्ही सैन्यदलांच्या एकत्रित थिएटर कमांडची चर्चा सुरू आहे. अंदमान-निकोबारला अशी पहिली कमांड २००१ मध्ये झाली, चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद २०२० मध्ये आलं. त्या चर्चेतले बहुतेक वाद कँडीत आधीच घालून झाले आहेत.

आधी दोन भिंती समजून घेऊ

पहिली भिंत असते एकाच देशाच्या दलांमध्ये. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे सेनापती वेगळे, अंदाजपत्रक वेगळं, परंपरा वेगळ्या, अभिमान तर फारच वेगळे. ही भिंत किती महाग पडते याचं उदाहरण म्हणजे मलाया. तिथल्या उत्तर भागात ब्रिटिश हवाई दलाने विमानतळ बांधले, पण त्यांचं रक्षण करणाऱ्या भूदलाला जागा सोयीची आहे का, हे धड विचारलं नाही. जपानी उतरले तेव्हा पुरेशी विमानं नव्हती आणि रिकामे विमानतळ सांभाळत बसण्यात पायदळ विखुरलं गेलं. १० डिसेंबर १९४१ रोजी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन बलाढ्य युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. त्यांच्या डोक्यावर स्वतःचं एकही लढाऊ विमान नव्हतं.

दुसरी भिंत दोस्त देशांमधली. शत्रू एक असला तरी हेतू एक असतोच असं नाही.

या दोन्ही भिंती एकदम पाडायचा पहिला प्रयोग जानेवारी १९४२ मध्ये झाला. अमेरिकन, ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन अशा चार देशांची एकत्रित कमांड, सरसेनापती जनरल वेव्हेल, मुख्यालय जावातल्या बांडुंगजवळ लेंबांग इथे. ब्रह्मदेशापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंतचा अवाढव्य टापू त्याच्या हवाली केला. नकाशावर झकास दिसणारी ही व्यवस्था सहा आठवडेही टिकली नाही. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, २५ तारखेला कमांड बरखास्त झाली. अधिकार होता, पण तो वापरायला हाताशी पुरेशी जहाजं-विमानं नव्हती, आणि जी होती ती प्रत्येक देशाला आपापल्या वसाहतीच्या रक्षणासाठी हवी होती.

क्विबेकमध्ये ठरलेलं लग्न

ऑगस्ट १९४३ मध्ये कॅनडातल्या क्विबेक इथे चर्चिल आणि रूझवेल्ट भेटले, तिथे सीॲकचा जन्म झाला. जपानशी लढण्याची जबाबदारी तोवर दिल्लीतल्या भारतीय सेनेच्या मुख्यालयाकडे होती. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानमधली चढाई फसली होती, सैन्याचं मनोधैर्य खचलं होतं, आणि दिल्लीच्या लष्करी कचेऱ्यांतून काही नवं घडेल यावर चर्चिलचा विश्वास राहिला नव्हता. त्याने माउंटबॅटनचं नाव पुढे केलं. वय ४३, राजघराण्याचा नातलग, मूळचा नौदलातला. समुद्रातून किनाऱ्यावर हल्ले चढवण्यासाठी तिन्ही दलांचं जे 'कंबाइन्ड ऑपरेशन्स' खातं होतं, त्याचा प्रमुख. त्याच खात्याच्या काळात १९४२ चा फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपवरचा हल्ला सपशेल फसला होता आणि त्यात कॅनडाचे सैनिक मोठ्या संख्येने बळी पडले होते. तरीही अमेरिकनांना हा माणूस आवडला. तो इंग्रज सेनापतींसारखा आखडू नव्हता, गप्पा मारायचा, आणि छाप पाडायची कला त्याला उपजतच होती. १६ नोव्हेंबर १९४३ पासून नव्या कमांडने सूत्रं हाती घेतली.

आता हेतूंचा मामला. अमेरिकेला ब्रह्मदेश हवा होता तो चीनपर्यंत रस्ता काढण्यापुरता. चीन लढत राहिला तर जपानची लाखोंची फौज तिथे अडकून पडेल, हा त्यांचा हिशेब. ब्रिटनला परत हवी होती साम्राज्याची गेलेली अब्रू, म्हणजे सिंगापूर. चर्चिलला तर ब्रह्मदेशाच्या जंगलात शिरायचंच नव्हतं. समुद्रमार्गे सुमात्रावर उतरायची योजना त्याच्या डोक्यात घोळत होती. अमेरिकन सैनिकांनी सीॲक या आद्याक्षरांची फोड केली ती 'इंग्लंडच्या आशियाई वसाहती वाचवा' अशी. टोमणा बोचरा होता, कारण तो बराचसा खरा होता.

एका माणसाच्या डोक्यावर किती टोप्या?

लष्कराच्या कारभारात 'कोण कुणाला जाब देतो' याचा एक तक्ता असतो. सीॲकचा तक्ता काढायला बसलेल्या कारकुनाची मला खरोखर कीव येते.

माउंटबॅटन सर्वोच्च सेनापती. त्याचा हुकूम लंडनच्या ब्रिटिश सेनाप्रमुखांकडून यायचा. पण एकूण धोरण ठरायचं वॉशिंग्टनमध्ये, ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाप्रमुखांच्या एकत्रित मंडळात. त्याच्या हाताखाली तीन ब्रिटिश सेनापती: भूदलाचा जिफर्ड, नौदलाचा सॉमरव्हिल, हवाई दलाचा पीअर्स. तिघेही त्याच्याहून वयाने आणि सेवेने ज्येष्ठ. त्यातल्या सॉमरव्हिलचं म्हणणं असं की हिंदी महासागरातल्या जहाजांच्या रक्षणाबाबत मी थेट लंडनच्या नौदल खात्याला जबाबदार आहे, तुला नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होतं.

उपसर्वोच्च सेनापती अमेरिकन जनरल जोसेफ स्टिलवेल. हा गृहस्थ एकाच वेळी माउंटबॅटनचा उपप्रमुख, चीन-ब्रह्मदेश-भारत या विभागातल्या अमेरिकन फौजांचा प्रमुख, चीनचा नेता च्यांग काय-शेक याचा चीफ ऑफ स्टाफ, आणि शिवाय उत्तर ब्रह्मदेशात स्वतः लढणाऱ्या चिनी तुकड्यांचा प्रत्यक्ष सेनापती. या तुकड्यांना बिहारमधल्या, आजच्या झारखंडातल्या रामगढला प्रशिक्षण दिलेलं. उपसेनापती म्हणून तो जिफर्डच्या वरचा, पण आघाडीवरचा सेनापती म्हणून जिफर्डच्या खाली यायला हवा. स्टिलवेलने साफ नकार दिला. बैठकीत वाद विकोपाला गेल्यावर त्यानेच तोड सुचवली: मी जिफर्डच्या हाताखाली काम करणार नाही, पण त्याचा दुय्यम असलेल्या, चौदाव्या आर्मीच्या जनरल स्लिमच्या हाताखाली करेन, तेही उत्तर ब्रह्मदेशातल्या कमाइंग गावापर्यंत पोचेपर्यंतच. म्हणजे साहेबाला नाही म्हणणारा माणूस साहेबाच्या हाताखालच्याला हो म्हणाला. आणि हे चाललंही, कारण स्टिलवेलचा स्लिमवर विश्वास होता. तक्त्यात जे बसत नाही ते माणसामाणसांच्या भरवशावर चालतं. सीॲकच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

भारतातली सेना, बंदरं, रेल्वे, प्रशिक्षण केंद्रं, कोठारं यांतलं काहीच सीॲकच्या ताब्यात नव्हतं. ते होतं दिल्लीत सरसेनापती ऑकिनलेकच्या हातात. सीॲकने फक्त मागायचं. ऑकिनलेकने हात आखडता घेतला असता तर माउंटबॅटनची कमांड कागदावरच राहिली असती. त्याने ते केलं नाही, आणि या माणसाला त्याचं श्रेय इंग्रजी इतिहासात जरा कमीच मिळालं, असं मला वाटतं.

तिन्ही ब्रिटिश सेनापतींचा आणखी एक आक्षेप होता. संयुक्त प्रमुख म्हणजे काय? त्यांच्या मते तो बैठकीचा अध्यक्ष. योजना तिन्ही दलांच्या कचेऱ्या बनवतील, त्याने समन्वय साधावा. माउंटबॅटनच्या मते तो खराखुरा सेनापती, त्याची स्वतःची योजना शाखा हवी. त्याने ती उभारली. परिणामी योजना करणाऱ्यांचे दोन संच झाले, दोन्ही एकमेकांच्या योजनांत खोड्या काढू लागले, आणि माणसं वाढत वाढत काही हजारांवर गेली. त्या गर्दीत गुप्तहेरांचीही दोन दुकानं होती, एक ब्रिटिशांचं, एक अमेरिकनांचं. दोघांनी एकमेकांच्या पायांत येऊ नये म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला आणखी एक शाखा! पुढे पाककलेच्या पुस्तकांमुळे अमेरिकेत घराघरांत पोचलेली ज्युलिया चाइल्ड तेव्हा कँडीत अमेरिकन हेरखात्याच्या कागदपत्रांची नोंदणी सांभाळत होती.

मार्च १९४४

या सगळ्या गोंधळानंतर तुम्ही विचाराल, मग असलं मुख्यालय हवंच कशाला? उत्तर मार्च १९४४ मध्ये मिळतं.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जनरल मुतागुचीच्या जपानी १५ व्या आर्मीने चिंदविन नदीच्या बाजूने इंफाळच्या दिशेने मुसंडी मारली. सोबत नेताजींच्या आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही होत्या. हल्ला येणार हे स्लिमला ठाऊक होतं, पण तो इतका जोरकस आणि इतक्या लवकर येईल हा त्याचा अंदाज चुकला. इंफाळला तातडीने कुमक हवी होती. जवळची अनुभवी फौज म्हणजे पाचवी भारतीय डिव्हिजन, आणि ती होती दूर दक्षिणेला आराकानमध्ये. रस्त्याने आणि आगगाडीने आणायची तर उशीर झालाच म्हणून समजा. उरला एकच मार्ग, हवेतून. त्यासाठी मालवाहू विमानं स्लिमकडे नव्हती.

विमानं होती, पण अमेरिकनांची. आसामच्या विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडचे डोंगर ओलांडून चीनला रसद नेणारी. वैमानिक या मार्गाला 'हंप' म्हणत. ही विमानं सीॲकच्या हुकमतीखाली येतच नव्हती. त्यांना हात लावायचा तर वॉशिंग्टनची परवानगी लागायची.

माउंटबॅटन त्या वेळी इस्पितळात होता. ७ मार्चला स्टिलवेलच्या आघाडीवर जीप चालवताना बांबूचं टोक डोळ्यात घुसलं, त्यामुळे काही दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. १४ मार्चला तो बाहेर पडला आणि कोमिल्लाला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, स्लिमच्या मुख्यालयाच्या विमानतळावर उतरला. स्लिमने परिस्थिती सांगितली. माउंटबॅटनने सेनाप्रमुखांना कळवलं की हंपवरची, डाकोटा या मालवाहू विमानांच्या हिशेबाने तीस डाकोटांच्या तोडीची विमानं मला हवी आहेत, आणि १८ तारखेपर्यंत उलट उत्तर आलं नाही तर मी ती घेतो आहे. 'देता का' आणि 'घेतो आहे' यांत जे अंतर आहे, तेवढी त्याची खरी सत्ता. मंजुरी आली. डाकोटांऐवजी मोठी वीस सी-४६ विमानं मिळाली. १९ मार्चपासून पाचवी डिव्हिजन तोफा, जीप आणि खेचरांसकट उडत इंफाळच्या पठारावर उतरू लागली. तिची एक ब्रिगेड दिमापूरला गेली, आणि कोहिमा वाचवण्यात पुढे तिचा मोठा वाटा होता.

जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं आणि नळ एकच असला की भांडण पाण्याचं नसतं, पाळीचं असतं. संयुक्त मुख्यालयाचं मुख्य काम ते पाळी ठरवण्याचं. लढाई कशी लढायची हे स्लिमला माउंटबॅटनने शिकवण्याची गरज नव्हती. गरज होती ती तीन देश आणि तीन दलांच्या ओढाताणीत 'ही विमानं या आठवड्यात याची' असं म्हणू शकणाऱ्या माणसाची, आणि असं म्हटल्यावर होणारे परिणाम अंगावर घेणाऱ्याची.

त्याच दिवसांत इंफाळच्या ईशान्येला सांगशाक गावी पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपान्यांना अडवून उभी होती. तिच्यासोबत लढत होती चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. पाणी जवळपास नाही, तारेचं कुंपण नाही, विमानातून टाकलेल्या रसदीचा बराच भाग शत्रूच्या हाती पडलेला. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांनी टेकडी सोडली नाही. तिकडे विमानं पाचव्या डिव्हिजनला उतरवत होती, इकडे ही माणसं त्यासाठी लागणारे दिवस आपल्या जिवावर मिळवून देत होती. २९ मार्चला इंफाळचा रस्ता तुटला आणि वेढा पडला तो २२ जूनपर्यंत. तोवर पठारावरचं सैन्य जगलं ते विमानांनी आणलेल्या अन्नावर आणि दारूगोळ्यावर.

मुख्यालय दिल्लीहून कँडीला हलवलं गेलं ते बरोबर या वेढ्याच्या मध्यात, एप्रिलमध्ये. कारण असं की पुढचं युद्ध समुद्रावरून लढायचं होतं आणि आरमार श्रीलंकेत होतं. शिवाय दिल्लीच्या कचेऱ्यांपासून सुटका. आघाडीपासून आणखी दूर जाण्याची ही वेळ, मला विचाराल तर, चमत्कारिकच होती.

जहाजं काही आली नाहीत

माउंटबॅटनला निवडलं होतं ते समुद्रातून हल्ला चढवण्याचा तज्ज्ञ म्हणून, आणि नेमकी तीच गोष्ट त्याला जवळजवळ शेवटपर्यंत करता आली नाही. नोव्हेंबर १९४३ च्या कैरो परिषदेत रूझवेल्टने च्यांगला शब्द दिला की आम्ही अंदमानवर आरमारी हल्ला करू. लगेच तेहरानला स्टॅलिनशी बोलणी झाली, युरोपातल्या चढाईला अग्रक्रम मिळाला, आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी, म्हणजे लँडिंग क्राफ्ट, तिकडे वळवल्या गेल्या. डिसेंबरमध्ये अंदमानची मोहीम रद्द. त्याच डिसेंबरच्या अखेरीस नेताजी पोर्ट ब्लेअरला आले होते. मोहीम ठरल्याप्रमाणे झाली असती तर आझाद हिंद सरकारच्या नावावर लागलेल्या पहिल्याच भूमीवर काही महिन्यांत लढाई पेटली असती. नंतर आराकानची छोटी आरमारी मोहीमही रद्द झाली. सुमात्रा तर कायम चर्चिलच्या टेबलावरच राहिलं.

मात्र तयारी झाली होती, आणि तिची एक खूण पुण्याजवळ आहे. खडकवासला धरणाच्या जलाशयाकाठी बोटीतून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देणारं तिन्ही दलांचं प्रशिक्षण केंद्र होतं. सरावासाठी 'अँगोस्तुरा' नावाचं खोटं जहाज तिथे उभारलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिकवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना हे केंद्र, पाणी, डोंगर आणि लोहगावचा विमानतळ या गोष्टी खडकवासल्याच्या बाजूने बोलल्या. १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी तिची पायाभरणी केली.

कँडी आणि कोमिल्ला

जहाजं नसताना माउंटबॅटनने जे केलं त्यातल्या दोन-तीन गोष्टी टिकल्या. पावसाळ्यात युद्ध थांबवायचं हा तिथला शिरस्ता होता. त्याने जाहीर केलं की यंदा पावसातही लढायचं, आणि इंफाळहून हटणाऱ्या जपान्यांचा पाठलाग खरोखर चिखलातून झाला. दुसरा शत्रू मलेरिया. १९४३ मध्ये जखमी होऊन आघाडीवरून हलवलेल्या एका माणसामागे आजारी पडलेले १२० हलवावे लागत होते, अशी स्लिमने नोंद केली आहे. सीॲकने वैद्यकीय सल्लागारांची शाखा उभी केली, मेपॅक्रिनच्या गोळ्या आल्या. पण गोळ्या आल्या म्हणून शिपाई त्या खातो असं थोडंच? स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या. पलटणीतल्या ९५ टक्क्यांहून कमी माणसांच्या रक्तात औषध सापडलं तर कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना घरी पाठवल्यावर बाकीचे सुधारले. आणि तिसरी गोष्ट वर्तमानपत्र. 'सीॲक' नावाचा दैनिक अंक कलकत्त्याला छापून आघाडीवर विमानाने टाकला जायचा. आपण विसरली गेलेली फौज आहोत असं म्हणणाऱ्या सैनिकांना आपली बातमी वाचायला मिळू लागली.

पण संयुक्तपणा खऱ्या अर्थाने पाहायचा तर कँडीपेक्षा कोमिल्लाला जावं लागेल. तिथे स्लिमच्या चौदाव्या आर्मीचं आणि हवाई दलाचं मुख्यालय शेजारी-शेजारी होतं. दोन्हीकडचे वरिष्ठ एकाच मेसमध्ये जेवत, हेरांची माहिती एकत्र वाचत, रसदीची विमानं आणि लढाऊ विमानं कुठे लागणार हे भूदलाबरोबर बसून ठरवत. ब्रिटिश आणि अमेरिकन विमानदळं डिसेंबर १९४३ पासून एका अमेरिकन सेनापतीखाली, स्ट्रॅटमेयरखाली, आणली होती. पीअर्सने विरोध केला होता, माउंटबॅटनने तो मोडून काढला. माझ्या मते वर्षभरातला त्याचा हा सर्वांत मोलाचा निर्णय, आणि तो कँडीला जाण्याआधीचा आहे.

ऑगस्ट १९४४ मध्ये माउंटबॅटन लंडनला गेला तेव्हा उपप्रमुख म्हणून स्टिलवेल कँडीला कारभार पाहायला आला. जंगलातून आलेला हा म्हातारा तिथला थाटमाट पाहून वैतागला, दिमतीची मोठी गाडी सोडून जीपमधून फिरायचा. ऑक्टोबरमध्ये च्यांगशी बिनसल्यामुळे रूझवेल्टने त्याला परत बोलावलं. चार टोप्या मग वेगवेगळ्या माणसांत वाटून टाकल्या. एवढी साधी गोष्ट सुचायला वर्ष लागलं.

दिलेलं परत घेतलं जातं

पाळीचा न्याय दोन्हीकडून चालतो. १० डिसेंबर १९४४ च्या सकाळी इंफाळला स्लिमला जाग आली ती विमानांच्या घरघरीने. त्याच्या भरवशाची ७५ अमेरिकन डाकोटा विमानं चीनकडे निघाली होती. चीनमध्ये जपान्यांनी मोठी चढाई केली होती आणि वॉशिंग्टनला तिकडची निकड जास्त वाटली. चौदावी आर्मी तेव्हा चिंदविन ओलांडून ब्रह्मदेशच्या मैदानात उतरत होती, जवळजवळ पूर्णपणे हवाई रसदीवर. माउंटबॅटनने लंडन आणि वॉशिंग्टनकडे लकडा लावला. विमानांची सोय बऱ्याच अंशी झाली, पण अट घालून: १ जूनपर्यंत किंवा रंगून पडेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. म्हणजे पाऊस आणि अमेरिकन कॅलेंडर अशा दोन घड्याळांशी शर्यत. मार्च १९४५ मध्ये मेइक्तिला आणि मंडाले घेतलं गेलं, आणि फौज रंगूनकडे धावली. शेवटी सीॲकला समुद्रातून मोठ्या प्रमाणावर उतरायची संधी मिळाली ती मेच्या सुरुवातीला, रंगूनला. तिथे जपानी आधीच निघून गेले होते. तुरुंगाच्या छपरावर कैद्यांनी ते रंगवूनही ठेवलं होतं.

विजयानंतर आठवडाभरात मुख्यालयाने नेहमीच्या मुख्यालयी बुद्धीचं दर्शन घडवलं. भूदलाचा नवा सेनापती लीस याने स्लिमला चौदाव्या आर्मीवरून हटवायचं ठरवलं. फौजेत एवढा असंतोष उसळला आणि लंडनमध्ये सेनाप्रमुख ब्रुक एवढा संतापला की उलट लीसच गेला आणि त्याच्या जागी स्लिम आला. यात माउंटबॅटनने लीसला नेमकं काय सांगितलं होतं, यावर चरित्रकार अजून भांडतात.

एक निर्णय मात्र पूर्णपणे त्याचा. मार्च १९४५ मध्ये तोवर जपानच्या बाजूने असलेल्या आंग सानच्या ब्रह्मी सेनेने जपान्यांवर बंदुका उलट्या केल्या. ब्रिटिश मुलकी अधिकाऱ्यांना आंग सानवर देशद्रोहाचा खटला हवा होता. माउंटबॅटनने त्याच्याशी हातमिळवणी केली. आझाद हिंद सेनेच्या बाबतीत मात्र ब्रिटिशांकडे असलं औदार्य दिसलं नाही. सिंगापूरला परतताच त्यांनी तिथलं तिचं स्मारक पाडून टाकलं.

युद्ध संपलं आणि काम तिप्पट झालं

जपान शरण आला त्या सुमारास सीॲकच्या हद्दीत जावा, बोर्निओ आणि १६ अक्षांशाच्या दक्षिणेचा इंडोचायना यांची भर पडली. लढाईसाठी जमवलेल्या फौजेला आता कैदी सोडवायचे होते, लाखो जपानी सैनिक मायदेशी पाठवायचे होते, भुकेल्या शहरांना तांदूळ पुरवायचा होता. १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूरच्या म्युनिसिपल इमारतीत शरणागतीचा समारंभ झाला. जपानी सरसेनापती तेराउची आजारी असल्याने इतागाकीने सही केली. नोव्हेंबरमध्ये मुख्यालयही सिंगापूरला आलं.

अमेरिका या टप्प्यावर जवळजवळ बाजूला झाली, आणि सीॲकची उरलेली बाजू उघडी पडली. फ्रेंचांना सायगाव आणि डचांना जावा परत हवं होतं, तिथल्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आणि मध्ये उभी केली गेली ती भारतीय फौज. जावातल्या सुराबायाला ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. त्याच्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. स्वतः पारतंत्र्यातल्या देशाचे शिपाई दुसऱ्या पारतंत्र्याविरुद्ध उठलेल्यांशी लढत होते. नेहरू आणि काँग्रेसने याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. माउंटबॅटनने डचांना इंडोनेशियन नेत्यांशी बोला असं सांगून पाहिलं, पण त्यांच्यावर त्याची हुकमत नव्हती. १९४६ च्या मध्यावर तो निघाला, आणि ३० नोव्हेंबर १९४६ रोजी सीॲक बंद झालं.

चार महिन्यांनी तो व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत होता. १५ ऑगस्ट १९४७ ला तिथे आणखी एक सर्वोच्च मुख्यालय सुरू झालं. प्रमुख होता ऑकिनलेक, आणि वाटप होतं रणगाडे, तोफा, कोठारं आणि पलटणींचं, भारत आणि पाकिस्तान यांच्यात. ते एप्रिल १९४८ पर्यंत चालायचं होतं. भारत सरकारचा त्याच्यावर विश्वास उरला नाही, आणि ३० नोव्हेंबर १९४७ रोजी ते गुंडाळलं गेलं.